दोन रेघांमधलं पाणी

कोकणात जमीन मोजणीचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो. भात कापून खळ्यावर गेलं, खाचरं मोकळी झाली, चिखल वाळून त्याला भेगा पडल्या, की आम्ही भूकरमापक नोटिसा काढायचो. मृगाच्या आत सगळं आटपायचं. जून लागला की काम बंद, कारण उभ्या पिकातून साखळी ओढता येत नाही आणि गुडघाभर चिखलात यंत्राची तिवई स्थिर राहत नाही. नोकरीभर मी हे वेळापत्रक पाळलं. त्यातली शेवटची बारा-तेरा वर्षं अंबरनाथ, बदलापूर, उल्हासनगर या पट्ट्यात गेली. कोणाच्या जमिनीतून पाणी कुठून वाहतं याची कागदावरची रेघ आम्ही ओढायचो, आणि ती ओढायला जायचो तेव्हा तिथे पाणी नसायचं. ही गोष्ट माझ्या ध्यानात यायला फार उशीर झाला. ज्या माणसामुळे ती ध्यानात आली त्याचं नुकसान होऊन गेलं होतं.

आधी थोडं कामाविषयी. आमची जुनी शंकू साखळी ३३ फुटांची, तिचे १६ आणे. ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद म्हणजे एक गुंठा, असे ४० गुंठे म्हणजे एकर. मी नोकरीला लागलो तेव्हा हीच साखळी आणि प्लेन टेबल, पुढे ईटीएस यंत्र आलं, शेवटी शेवटी उपग्रहाशी बोलणारा रोव्हर. यंत्रं बदलली तरी आधार एकच, टिपण. इंग्रजांच्या काळात केलेल्या मोजणीचं ते पान समोर धरल्याशिवाय हद्द सांगता येत नाही. त्या टिपणात ओहळ दोन वाकड्या रेघांनी दाखवलेला असतो. कुठे त्या रेघा ठसठशीत असतात, कुठे एका सर्व्हे नंबरात शिरतात आणि पुढच्या नंबराच्या पानावर सापडतच नाहीत. पाणी काही बांधावर येऊन संपत नाही. ज्याने पुढचं पान काढलं त्याला ओहळ दिसला नसेल, किंवा तोही एप्रिलातच आला असेल.

या दोन रेघांमधल्या पट्टीला नावं किती! गावातली माणसं ओहळ म्हणतात. सात-बारावर ती पोटखराब्यात जाते. विकास आराखड्यात ती नाला होते. प्रदूषणाच्या कायद्यात तिला प्रवाह म्हणतात. नदी म्हटलं की पाटबंधारे खात्याची पूररेषा लागते. प्रत्येक नावामागे वेगळा कायदा, वेगळं कार्यालय, वेगळा दाखला. शेतकऱ्याच्या दृष्टीने तो सगळा एकच चर असतो, जिथून पावसाळ्यात त्याच्या वरच्या खाचरातलं पाणी खालच्या खाचरात उतरतं.

पोटखराब्याचंच घ्या. महाराष्ट्रात पोटखराबा दोन वर्गांचा. वर्ग अ म्हणजे खडक, चढ, खाचखळगे, अशी लागवडीला न येणारी जागा. वर्ग ब म्हणजे सार्वजनिक कामाला राखलेली जागा, रस्ता किंवा मान्य पायवाट, स्मशानभूमी, आणि ज्या तळ्याचं किंवा ओढ्याचं पाणी कब्जेदाराखेरीज दुसरी माणसं शेतीला, प्यायला किंवा घरकामाला वापरतात तो भाग. शेवटची अट पुन्हा वाचा. पाणी किती खोल, किती रुंद, बारमाही की चार महिन्यांचं, हे तिथे विचारलेलंच नाही. ते दुसरं कोणी वापरतं का, एवढंच विचारलं आहे. मला ही व्याख्या फार शहाणपणाची वाटते. ती पाण्याची ओळख माणसांवरून करते. अडचण अशी की त्या 'दुसऱ्या माणसांना' विचारायला कोणी जायचं नाही. जुन्या नोंदीत जे अक्षर पडलं ते पडलं. २०१८ मध्ये वर्ग अ ची जमीन लागवडीखाली आणून तिची आकारणी करून घेण्याची मुभा मिळाली, तेव्हा कितीतरी शेतकरी सात-बारा घेऊन आले. ज्याच्या उताऱ्यावर अ होता त्याचं क्षेत्र वाढलं. ज्याच्यावर ब होता तो शेजाऱ्याकडे बघत राहिला. काहींच्या उताऱ्यावर अ की ब हे लिहिलेलंच नव्हतं, नुसतं पोटखराबा. त्यांनी काय समजायचं?

त्याच्याही वर महसूल कायदा आहे. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचं कलम २० सांगतं की कोणाच्या मालकीच्या नसलेल्या सगळ्या जमिनी, त्याबरोबर नद्या, ओढे, नाले, तलाव, साचलेलं आणि वाहतं पाणी, हे सगळं राज्य शासनाचं. म्हणजे टिपणातल्या त्या दोन रेघा जमिनीच्या कडेने गेल्या आणि हद्द रेघेपाशी थांबली, तर मधली पट्टी सरकारची. त्याच रेघा हद्दीच्या आत पडल्या तर पट्टी उताऱ्यावर खातेदाराच्या नावाने, पण आकारणीबाहेर. पेन्सिलीच्या टोकाएवढा फरक. बदलापुरात जमिनीचे भाव चढायला लागले तेव्हा त्या टोकाएवढ्या फरकावर सख्खे भाऊ माझ्यासमोर एकमेकांच्या अंगावर गेलेले मी पाहिलेत.

आता ज्याचं नुकसान झालं त्याच्याविषयी.

गाव बदलापूरच्या कडेचं, एवढंच सांगतो. महिना एप्रिल. एका नव्या मालकाने मोजणी मागवली होती. जमीन त्याने दोन वर्षांपूर्वी घेतलेली, राहणारा लांबचा. लगतच्या कब्जेदारांना नोटिसा गेल्या होत्या. ठरल्या वेळी एक म्हातारे शेतकरी आले. डोक्याला फडकं, हातात कोयता. सबंध मोजणीभर ते बांधावर उकिडवे बसून होते. शेवटी म्हणाले, "साहेब, हितनं व्हल जातो पान्याचा. यो लिवून घ्या."

मी टिपण पाहिलं. ओहळाच्या दोन रेघा वरच्या नंबरात होत्या, या नंबरात अर्ध्यापर्यंत येऊन विरल्या होत्या. जागेवर पाहिलं तर सपाट जमीन, गाळ साचलेला, वाळलेलं गवत. खाली उतार होता, पण चर म्हणावा असा दिसेना. मी पंचनाम्यात लिहिलं की मोजणीच्या वेळी जागेवर पाण्याचा प्रवाह आढळून आला नाही. खोटं काहीच लिहिलं नव्हतं. म्हाताऱ्यांचा जबाबही घेतला, पण 'क' प्रतीवर, म्हणजे मालकाच्या हाती जो नकाशा जातो त्याच्यावर, ओहळ आला नाही. टिपणात जेवढा होता तेवढाच राहिला, अर्धा.

मे महिन्यात मालकाने डंपर लावून भराव केला आणि दगडी भिंत घातली. कोणी विचारलं की तो माझ्या पंचनाम्यातलं ते वाक्य दाखवायचा. जुलैत वरचं पाणी भिंतीला अडलं, मागे फिरलं आणि म्हाताऱ्यांच्या खाचरात आठ-दहा दिवस उभं राहिलं. नुकतीच लावणी झाली होती. ते कार्यालयात आले तेव्हा ओरडले नाहीत. पिशवीतून मूठभर कुजलेली रोपं काढली, माझ्या टेबलावर ठेवली आणि बाकावर जाऊन बसले.

त्या रविवारी मी छत्री घेऊन एकटा तिथे गेलो. भर पावसातलं शेत मी नोकरीत पहिल्यांदा पाहत होतो. वरच्या टेकाडावरून पाणी येत होतं, आणि ते कुठून येत होतं हे सांगायला टिपण लागत नव्हतं. तपकिरी रंगाचा पट्टा, साधारण दोन साखळ्या रुंद, थेट भिंतीपाशी येऊन थबकलेला. मी ज्या जागी एप्रिलात तिवई लावली होती ती जागा बरोबर त्या पट्ट्याच्या मधोमध होती.

म्हाताऱ्यांना निमताना मोजणीचा अर्ज मीच लिहून दिला. माझ्याच कामावरची तक्रार, माझ्याच हस्ताक्षरात. वरिष्ठांनी येऊन पुन्हा मोजलं, जुने नकाशे जोडून पाहिले, गावातल्या चार वृद्धांचे जबाब घेतले आणि ओहळाची रेघ पुरी केली. पुढे भिंतीत मोरी ठेवली गेली. त्या वर्षीचं भात मात्र गेलं ते गेलं.

याच प्रकरणात एका वकिलांनी मला जल प्रदूषणाचा १९७४ चा कायदा दाखवला. तो आमच्या खात्याचा नाही, मी तोवर वाचलेला नव्हता. पाणी हा आपल्या घटनेत राज्यांचा विषय, म्हणून संसदेने हा कायदा राज्यांच्या ठरावांवरून केला. महाराष्ट्राने आपला स्वतःचा कायदा १९६९ मध्येच केला होता, त्याच्याखाली १९७० मध्ये मंडळही स्थापलं होतं. केंद्राचा कायदा आपण १९८१ मध्ये स्वीकारला. त्यात 'प्रवाह' या शब्दाची व्याख्या आहे. नदी त्यात आहे. जलमार्ग आहे, मग तो वाहता असो की त्या वेळेपुरता कोरडा. जमिनीवरचं पाणी आहे, नैसर्गिक असो की माणसाने केलेलं. भूगर्भातलं पाणी आहे. समुद्र आणि भरतीचं पाणीसुद्धा आहे, राज्य सरकार ठरवील तिथपर्यंत. 'त्या वेळेपुरता कोरडा.' मी त्या शब्दांवर बोट ठेवून बराच वेळ बसलो. एप्रिलात कोरडा असणारा ओहळ हाही प्रवाहच, हे देशाच्या कायद्याने मान्य करून किती वर्षं झाली होती. मान्य केलं नव्हतं ते मी, शेतात उभा राहून.

हा कायदा घाण पाणी सोडण्यापुरता आहे, भराव आणि भिंत त्याच्या कक्षेत सहसा येत नाहीत, हे मला माहीत आहे. पण एका कायद्याने जे पाणी ओळखलं ते दुसऱ्या कायद्याला अनोळखी असावं, हे मला पटत नाही. शेतकऱ्याला तर ते समजणारच नाही.

अंबरनाथमध्ये राहून वालधुनीविषयी न लिहिणं शक्य नाही. काकोळे गावाच्या बाजूच्या डोंगरांतून ती निघते, रेल्वेने पूर्वी बांधलेल्या जीआयपी तलावाच्या परिसरातून येते, शिवमंदिराला वळसा घालून उल्हासनगरात शिरते आणि कल्याणजवळ उल्हासला मिळते. शिलाहार राजा मम्वाणीच्या काळातलं हे मंदिर शके ९८२ चं, म्हणजे इ. स. १०६० चं. साडेनऊशे वर्षांपूर्वी ज्यांनी हे देऊळ बांधायला ही जागा निवडली त्यांनी ती नदी म्हणूनच निवडली असणार. माझ्या हाताखालून गेलेल्या कित्येक कागदांत मात्र तिचा उल्लेख 'नाला' असा होता. बोलण्यातही आम्ही तसंच म्हणायचो. नाल्याच्या काठी बांधकामासाठी सोडायचं अंतर कमी, नदीच्या काठी जास्त, हे बांधकामाच्या नियमांत पूर्वीपासून आहे. एका शब्दाने काठच्या जमिनीचा वापर बदलतो. काठावरच्या माणसांना नाला हा शब्द सोयीचा वाटला यात मला नवल वाटत नाही, ज्याची राहती खोलीच काठावर आहे त्याच्यावर रागावताही येत नाही. पण नाला म्हटलं की त्यात काय टाकायचं याची लाजही कमी होते.

२९ नोव्हेंबर २०१४ च्या पहाटे उल्हासनगरात वालधुनीतून विषारी वायू पसरला. टँकरने आणून रसायन पात्रात ओतलं होतं. शेकडो माणसं गुदमरून रुग्णालयात गेली. त्या सकाळी मी कामावर जात होतो. स्टेशनात तोंडाला रुमाल बांधलेली माणसं होती आणि प्रत्येकाच्या तोंडी 'नाल्यातून वास आला' हेच वाक्य. कायद्याच्या लेखी तो नाला आहे की नदी याने काडीचा फरक पडत नव्हता, प्रवाह या शब्दात दोन्ही येतात. तरी आमच्या मनात फरक पडला होता. पुढच्या वर्षी, २०१५ च्या जुलैत, वनशक्ती या संस्थेच्या अर्जावर राष्ट्रीय हरित लवादाच्या पुणे पीठाने उल्हास आणि वालधुनीच्या प्रदूषणावर कडक निकाल दिला, सांडपाणी प्रक्रिया केंद्रं आणि काठच्या नगरसंस्था यांच्यावर मोठी रक्कम बसवली. त्याच वर्षाच्या फेब्रुवारीत राज्याने नदी नियमन क्षेत्राचं धोरण रद्द केलं होतं. कोणत्या नदीपासून किती अंतरावर कोणता कारखाना काढता येईल हे ठरवणारं, २००० मध्ये आलेलं आणि २००९ मध्ये सुधारलेलं धोरण. ते गेल्यावर काठच्या काही जमीनमालकांना मोकळं वाटलं असेल. खालच्या अंगाला नदीचं पाणी उपसून भाजी करणाऱ्याला काय वाटलं, हे विचारायला त्याच्या मळ्यावर कोणी गेलं नसावं. मी गेलो नव्हतो.

उल्हासचं दुखणं वेगळं आहे. ही मोठी नदी. राजमाचीच्या बाजूच्या डोंगरांतून उतरते, कर्जत, नेरळ, वांगणीवरून बदलापूरला येते. भिवपुरीच्या टाटांच्या वीजकेंद्रातून सुटणारं पाणी तिला मिळतं, म्हणून उन्हाळ्यातही ती वाहती राहते, आणि म्हणूनच बदलापूरपासून पुढच्या शहरांची तहान तिच्यावर भागते. तिच्या काठी पूररेषा आहे. १९८९ मध्ये पाटबंधारे खात्याच्या परिपत्रकाने निळी आणि लाल अशा दोन रेषांची पद्धत घालून दिली. पंचवीस वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराचं पाणी जिथवर पसरेल ती निळी, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्याची लाल. निळीच्या आत, नदीच्या बाजूला, निषिद्ध क्षेत्र. निळी आणि लाल यांच्यामध्ये नियंत्रित क्षेत्र, जिथे जोतं लाल रेषेच्या पातळीपेक्षा वर घेऊन बांधता येतं.

हे नकाशे नदीचे छेद मोजून, पाण्याचं गणित करून होतात. तो माझा विषय नाही. माझ्याकडे यायचं ते पुढचं काम. ती निळी रेघ सर्व्हे नंबरांवर उतरवायची, आणि मग माणसाला सांगायचं की काका, तुमच्या हिश्श्यातले अमुक गुंठे आत आहेत.

वालिवलीच्या बाजूला अशाच एका घरी मी बसलो होतो. ओसरीवर नकाशा पसरलेला. घरातले मोठे भाऊ साठीचे, धाकटे पन्नाशीचे, दारात उभ्या दोन सुना. निळी रेघ त्यांच्या हिश्श्याच्या मधोमध गेली होती.

"हितं भात लावायला बंदी हाय का?" मोठ्या भावांनी विचारलं.

"नाही. शेती करा, काही हरकत नाही."

"इकायला?"

"विकायलाही नाही. फक्त बांधता येणार नाही."

ते थोडं थांबले. "मंग पोरांनी राहायचं कुठं? गावठाण भरला. आमची हीच जागा. नि बांधायची नाय ती जागा घेणार कोन?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही. रेघ चुकीची होती असं मी म्हणणार नाही. २६ जुलै २००५ ला त्याच ओसरीवर पाणी होतं, हे घरातल्या बाईंनीच मला हात दाखवून सांगितलं, "हतपरेंत." २०१९ च्या जुलैत चामटोलीजवळ महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली आणि हजारावर प्रवाशांना होड्यांनी बाहेर काढावं लागलं, ते सगळ्या देशाने पाहिलं. तिच्या आजूबाजूच्या शेतांतून वाहून आलेल्या गाळाविषयी बातमी आली नाही. २०२१ च्या जुलैत पुन्हा पाणी चढलं. 'पंचवीस वर्षांतून एकदा' हे शब्द लोक शब्दशः घेतात, २००५ झालं म्हणजे २०३० पर्यंत निर्धास्त असं समजतात. त्याचा खरा अर्थ इतकाच की दरवर्षी शंभरात चार इतकी शक्यता, मागच्या वर्षी येऊन गेला असला तरी. हे मी घरोघर समजावत आलो. समजलं की माणसं गप्प होतात आणि मग तोच प्रश्न विचारतात, आमच्या नुकसानीचं काय?

हा प्रश्न रास्त आहे. नदीला पसरायला जागा हवी, शहराला ती हवी, खालच्या वस्तीला हवी. ती जागा देतो कोण? ज्याच्या आज्याने ती खाचरं खणली तो. त्याच्या जमिनीने पूर अडवून धरला तर खालच्या सोसायट्यांच्या तळमजल्यात पाणी कमी शिरतं. या उपकाराची नोंद कोणत्याही उताऱ्यावर नाही. भूसंपादन झालं असतं तर मोबदला मिळाला असता. इथे जमीन त्याच्याच नावावर राहते आणि किंमत तेवढी जाते. दुसरीकडे निळ्या रेषेच्या आतच कुठे भराव पडतो, रात्रीतून पडतो, आणि त्या भरावाने लोटलेलं पाणी पलीकडच्या काठावरच्या प्रामाणिक माणसाच्या शेतात जातं. नियम पाळणाऱ्याला शिक्षा आणि मोडणाऱ्याला जमीन, असं चित्र ज्या काठावर दिसतं तिथे रेघ कितीही शास्त्रीय असली तरी माणसं तिचा मान राखत नाहीत.

२०१९ च्या पुरानंतर मी काही शेतांतून फिरलो. रजा काढून, स्वतःच्या समाधानासाठी. भिंतींवर, आंब्याच्या बुंध्यांवर, विजेच्या खांबांवर गाळाची रेघ उमटली होती. तिच्याइतकी खरी रेघ मी नोकरीत ओढलेली नाही. कुठे ती नकाशातल्या रेघेच्या अलीकडे होती, कुठे पलीकडे. पंधरा दिवसांत पावसाने ती धुऊन टाकली. तेवढ्यात कोणी त्या खुणांची मोजणी केली असती, गावकऱ्यांना बरोबर घेऊन खांबाखांबावर आकडा लिहिला असता, तर पुढची पूररेषा काढताना माणसांनी ती आपली म्हणून स्वीकारली असती.

आणखी एक व्याख्या सांगायला हवी, कारण तिच्याबद्दल गैरसमज फार. पाणथळ जागा. केंद्राचे पाणथळ जागांचे नियम २०१७ चे. त्या सुमारास सर्वोच्च न्यायालयात दोन लाखांवर पाणथळ जागांची यादी गाजत होती आणि वांगणीकडच्या एका शेतकऱ्याला कोणीतरी सांगितलं की तुझ्या खाचरात चार महिने पाणी असतं, आता सरकार नेणार. बिचारा घाबरून आला. मी त्याला नियम वाचून दाखवला. नद्यांची पात्रं, भातखाचरं, पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेले तलाव, सिंचन, मत्स्यशेती, मिठागरं, करमणूक यांसाठी केलेल्या जागा, या सगळ्या व्याख्येतून वगळल्या आहेत. त्याचा जीव भांड्यात पडला. माझा पडला नाही. शेतकऱ्याला त्रास नको म्हणून खाचर वगळलं हे योग्यच. पण खाचर जोवर खाचर आहे तोवरच ते पावसाचं पाणी धरतं. त्यावर भराव पडला की ते पाणी धरणारी जागा गेली, आणि पाणथळ म्हणून तिला वाचवणारा नियम कुठलाच नाही. आमच्या या पट्ट्यात गेल्या काही वर्षांत जी खाचरं बुजली त्यांच्या तलावाएवढ्या पाण्याचा हिशोब कोणीच ठेवला नाही.

माझा भाचा अमेरिकेत असतो, बांधकाम क्षेत्रात. त्याने सांगितलं की तिथेही हाच वाद आहे, आणि पन्नास वर्षांचा आहे. १९७२ च्या त्यांच्या केंद्रीय कायद्यात 'अमेरिकेचं पाणी' असा शब्द आहे, आणि कोणतं पाणी देशाचं आणि कोणतं शेतकऱ्याच्या कुंपणातलं, यावर सरकारं बदलली तशी व्याख्या बदलत गेली. आयडाहो राज्यातल्या एका तळ्याजवळ घर बांधायला भराव घातलेल्या जोडप्याचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. मे २०२३ मध्ये न्यायालयाने ठरवलं की बऱ्याच अंशी कायम असणारं पाणी, आणि त्याला वरून सलग जोडलेली पाणथळ, एवढंच केंद्राच्या कक्षेत. जोडपं जिंकलं. तिथल्या शेतकऱ्यांच्या संघटनांना हायसं वाटलं, नदीवाल्यांना दुःख झालं. मला आमचा ओहळ आठवला. तो तिथे असता तर वर्षाचे आठ महिने कोरडा म्हणून कदाचित केंद्राच्या कायद्याबाहेर पडला असता. आपला कायदा त्याला आत घेतो. या बाबतीत आपली व्याख्या जास्त मोठ्या मनाची आहे, हे मी अभिमानाने सांगतो. तिची अंमलबजावणी करायला कोणीतरी जुलैत शेतात जायला हवं, एवढंच बाकी आहे.

निवृत्तीनंतर लोक सल्ला विचारायला घरी येतात. बहुतेकांना हद्द हवी असते. मी आधी पाण्याचं विचारतो. तुमच्या जमिनीत पाणी कुठून येतं, कुठून जातं, खालचा शेजारी कोण, वरचा कोण? जे तिथे जन्मले ते एका दमात सांगतात. ज्यांनी गुंतवणूक म्हणून जमीन घेतली ते मोबाईलवर नकाशा उघडतात. माझं खात्याकडे आणि सरकारकडे एक मागणं आहे. प्रत्येक गावात श्रावणात एकदा ओहळांची मोजणी व्हावी. साखळी नको, यंत्र नको. भूकरमापक, तलाठी, पाटबंधाऱ्याचा एक माणूस आणि गावातले दोन वृद्ध यांनी छत्र्या घेऊन फिरावं, जिथे पाणी दिसेल तिथे खूण करावी आणि ती एकाच नकाशावर यावी, जो महसूल, नगररचना, पाटबंधारे आणि प्रदूषण मंडळ अशा सगळ्यांनी मानावा. ज्याची जमीन निळ्या रेषेत गेली त्याच्या उताऱ्यावर तशी नोंद असावी आणि त्या नोंदीबरोबर त्याला काहीतरी मिळावं, करात असो, बदली जागेत असो.

ते होईपर्यंत एक काम तुमच्या हातातलं आहे. बदलापूर, अंबरनाथ किंवा कुठेही तुमची जमीन असेल, मग ती वडिलोपार्जित असो की कालच घेतलेली, भूमी अभिलेख कार्यालयातून टिपणाची आणि गावनकाशाची नक्कल काढा. त्यातल्या दोन वाकड्या रेघा शोधा. त्या तुमच्या बांधापाशी विरल्या असतील तर शेजारच्या नंबराचंही पान मागा. मग जुलैच्या एखाद्या मुसळधार दिवशी तो कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून शेतावर जा, आणि पाणी कुठून चाललंय ते पाहून तारखेसह लिहून ठेवा. ती म्हातारी माणसं बांधावर अजून बसलेली आहेत. ती सांगतील ते लिहून घ्या.